यंत्राची ओळख आठवीतच व्हावी

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

फिटर, टर्नर, मशिनिस्ट म्हणून आज तुम्हाला प्रमाणपत्र मिळतंय. तुमचं मनःपूर्वक अभिनंदन! या आनंदाच्या दिवशी तुमच्याकडे एक मागणंही आहे.

तुमच्यातल्या बहुतेकांनी सीएनसी मशीन पहिल्यांदा पाहिलं ते आयटीआयमध्ये आल्यावर. माझ्या मते हा उशीर झाला. दहावीनंतर वाट निवडायची वेळ येते, तेव्हा त्या वाटेवर काय आहे हे पोरांनी आधी पाहिलेलं असायला हवं.

हे आपल्या मातीत घडू शकतं, याचा दाखला पाबळ. शिरूर तालुक्यातल्या या गावी डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करता करता शिकायचं, ही त्यांची पद्धत. वेल्डिंग, वीजजोडणी, बांधकाम, शेती ही कामं त्यांनी माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकात आणली. पुढे 2002 मध्ये, जगात फॅब लॅबची, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवायच्या कार्यशाळांची, नुकती सुरुवात होत असताना, त्यांतली एक याच गावात उभी राहिली. आधुनिक यंत्रं शहराची वाट न बघता खेड्यातल्या मुलांपर्यंत पोचली.

मग मुलांना दाखवायचं काय? 25 मिलिमीटरचा शाफ्ट घ्या. आधी साध्या लेथवर त्यांना हातानं कट घेऊ द्या, मग तोच जॉब सीएनसीवर लावा. जी00 म्हटलं की टूल झपाट्यानं सरकतं, जी01 म्हटलं की ठरलेल्या फीडनं सरळ कापतं, हे त्यांच्या डोळ्यांसमोर होऊ द्या. बरेच जॉब निघाले की मायक्रोमीटर त्यांच्या हाती द्या. माप 25.03 आलं तर विचारा, का? टिप झिजली, म्हणून व्यास वाढला. ऑफसेटमध्ये उणे 0.03 भरा, पुढचा जॉब मापात येईल. दुरुस्ती केसाच्या जाडीहूनही कमी, पण तिच्यासाठी मोजणारा हात, पक्कं गणित आणि कारण शोधणारं डोकं, तिन्ही लागतात. मशीन सांगितलं तेवढंच करतं. चुकीचं सांगितलं तर चुकीचंही तितक्याच इमानदारीनं करतं. म्हणूनच हे काम कमी मार्कवाल्यांसाठी राखून ठेवलेली जागा नव्हे.

तेव्हा नोकरीला लागा, पहिला पगार आईवडिलांच्या हाती ठेवा आणि वर्षातून एकदा तरी आपल्या शाळेत जा. मुख्याध्यापकांना भेटा, साहेबांची परवानगी काढा, आठवी-नववीच्या मुलामुलींना तुमच्या शॉपमध्ये घेऊन या. गॉगल द्या, ओढणी आणि सैल बाह्या आवरायला सांगा, फिरत्या चकपासून लांब उभं करा. पगार, पाळ्या, उभं राहून दुखणारे पाय, सगळं खरं खरं सांगा. मुलींना मुद्दाम पुढे बोलवा.

तुम्हाला जे उशिरा दिसलं, ते त्यांना वेळेत दाखवा. एवढं माझ्यासाठी नाही, तुमच्या धाकट्या भावंडांसाठी करा.