नोटेतला हिरवा-निळा धागा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला कॉम्प्युटरवर काहीतरी बोलायला सांगितलं होतं. ते तर तुम्ही रोज मोबाइलवर ऐकताच. म्हणून मी आज अशा तंत्रज्ञानावर बोलणार आहे ज्याला कॉम्प्युटर लागत नाही, नेटवर्क लागत नाही आणि चार्जिंगही लागत नाही. ते आत्ता तुमच्या खिशात आहे. ज्यांच्याकडे शंभर, दोनशे किंवा पाचशेची नोट असेल त्यांनी ती बाहेर काढावी. घाबरू नका, वर्गणी आधीच गोळा झाली आहे!

गांधीजींच्या चित्राजवळ एक उभी चमकदार पट्टी तुकड्यातुकड्यांनी दिसेल. तिच्यावर 'भारत' आणि 'आरबीआय' अशी अक्षरं आहेत. आता नोट हळूच तिरकी करा. हिरवी पट्टी निळी होते. मग नोट उजेडासमोर धरा. तेच तुकडे जोडले जाऊन एक सलग रेघ दिसते.

हा धागा नोटेवर छापलेला किंवा चिकटवलेला नसतो. कापसाच्या लगद्यापासून नोटेचा कागद तयार होत असतानाच तो आत सोडतात. ठरावीक अंतरावर तो कागदाच्या वर येतो आणि पुन्हा आत जातो. म्हणून समोरून तुकडे दिसतात आणि उजेडात सलग रेघ.

रंगाची गंमत आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातलीच आहे. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग दिसतात, पण तिथे रंग कालवलेला नसतो. अतिशय पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूने परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो. त्यात काही रंग उठून दिसतात, काही मावळतात. धाग्यावर असेच पातळ थर दिलेले असतात. नोट तिरकी केली की परतणाऱ्या त्या दोन प्रकाशांतलं अंतर कमी होतं आणि रंग कमी लांबीच्या लहरींकडे, म्हणजे हिरव्याकडून निळ्याकडे सरकतो. झेरॉक्स मशीन आणि स्कॅनर नोटेकडे एकाच बाजूने पाहतात. त्यांना हिरवा तरी मिळेल किंवा निळा तरी, रंगाचं बदलणं कागदावर उतरत नाही.

आपल्या नोटांमध्ये 1996 च्या महात्मा गांधी मालिकेतही धागा होता. रंग बदलणारा धागा 2005 मध्ये शंभर, पाचशे आणि हजारच्या नोटांत आला. आजच्या वीसच्या नोटेवर आपल्या मराठवाड्यातलं वेरूळ आहे. तिच्यातही धागा आहे, पण तो रंग बदलत नाही. तेव्हा वीसची नोट तिरकी करून उगाच कुणाशी भांडू नका.

पैसा पारखून घेणं आपल्या भागाला नवीन नाही. आपल्या आजी-आजोबांच्या काळात नांदेड आणि लातूर हैदराबाद संस्थानात होते. व्यवहार निजामाच्या हाली शिक्क्यात चाले, इंग्रजी राज्याचा रुपया तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशोब पुढेपुढे होता. हातात आलेला पैसा कोणत्या राज्याचा हे पाहिल्याशिवाय गाठीला कोण बांधील? निजामाने 1918 मध्ये कागदी नोटा काढल्या. नाशिकरोडचा नोटांचा छापखाना 1928 मध्ये सुरू झाला, त्यानंतर निजामाच्या नोटाही तिथेच छापल्या जाऊ लागल्या. हाली शिक्का 1959 मध्ये कायमचा बंद झाला.

आता मूळ मुद्द्यावर येते. खोटी नोट बँकेत गेली तर बँक ती जप्त करते, तिच्यावर शिक्का मारते आणि पावती देते. पैसे मिळत नाहीत. नियम योग्यच आहे. पण याचा अर्थ असा, की नुकसान नोट छापणाऱ्याचं होत नाही, ते ज्याच्या हातात नोट अडकते त्याचं होतं. आणि ती कुणाच्या हातात अडकते? आपण बहुतेक जण आता मोबाइलवरून पैसे देतो. पुण्यात माझे कित्येक दिवस नोटेला हात न लावता जातात. संध्याकाळच्या अंधुक उजेडात गंजगोलाईत किंवा इतवाऱ्यात भाजी विकणाऱ्या मावशीचं तसं नाही. पाचशेची एक खोटी नोट म्हणजे तिची दिवसाची कमाई गेली.

'आपल्याला आली तशी पुढे सरकवू' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. माहीत असून खोटी नोट चालवणं हा कायद्याने गुन्हा आहेच. पण ती 'पुढे' सरकते म्हणजे कुठे, याचाही विचार करा. पारखणाऱ्याकडे ती जात नाही, न पारखणाऱ्याकडेच जाते.

अफवांचाही फटका अशाच माणसांना बसतो. 2016 मध्ये दोन हजारच्या नोटेत चिप असल्याचे मेसेज फिरले. तशी चिप कधीच नव्हती. नंतर दुसरा मेसेज आला, की पाचशेच्या नोटेची हिरवी पट्टी गांधीजींच्या जवळ असेल तर ती खोटी. दोन्ही प्रकारच्या नोटा खऱ्या आहेत, असं सरकारला जाहीर करावं लागलं. असे मेसेज वाचून कुणी खरी नोट नाकारली, तर तेही नुकसानच.

'मग मोबाइलच सांगेल की!' असं कुणी म्हणेल. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं ॲप 2020 मध्ये आलं. ते दृष्टिहीन लोकांना नोट कितीची आहे हे सांगतं, इंटरनेटशिवाय सांगतं, फार चांगलं काम आहे. पण नोट खरी की खोटी, हे ते सांगत नाही. तिथे आपलं मनगटच हलवावं लागतं.

माझ्या मते खरी अडचण संकोचाची आहे. ओळखीच्या माणसासमोर नोट तिरकी करून बघायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. पण लातूरच्या आडतीत तूर मुठीत घेऊन पाहिल्याशिवाय कुणी सौदा करत नाही, आणि शेतकऱ्याला त्यात अपमान वाटत नाही, कारण ते सगळेच करतात. नोटेचंही तसंच व्हायला हवं.

म्हणून तीन विनंत्या आहेत. आपल्यातले जे शिक्षक आहेत त्यांनी वर्गात पाच मिनिटं हा धागा मुलांना दाखवावा. मुलं घरी जाऊन आईवडिलांना दाखवतील. जे दुकान सांभाळतात त्यांनी नोट सगळ्यांसमोर, न लाजता तिरकी करावी, उजेडात धरावी, गांधीजींचा जलचिन्हातला चेहराही पाहावा. एका खुणेवर विसंबू नये. आणि आपण सगळ्यांनी भाजीवाल्या मावशीला मोठी नोट देताना ती आधी स्वतः तिरकी करून दाखवावी आणि म्हणावं, 'मावशी, बघून घ्या.' म्हणजे बघायचा संकोच तिला राहणार नाही.

आपण मला शांतपणे ऐकलंत, शाळेत असताना कुणी ऐकत नव्हतं!