आधी पेरणी, मग खुरपणी



खेड्यापाड्यांतली पुष्कळ मुलेमुली आता कॉलेजात जातात. कित्येक घरांतून तर कॉलेजची पायरी चढणारे हे पहिलेच मूल असते. तिथे प्राध्यापक सांगतात, "आठ दिवसांत अमुक विषयावर निबंध लिहून आणा." मूल कागद घेऊन बसते. एक वाक्य लिहिते, ते खोडते. 'हा शब्द शुद्ध आहे ना? शहरातली मुले असेच लिहीत असतील का?' रात्र सरते, कागद कोराच! मग कोणी दुसऱ्याचे उतरवून देतो, कोणी देतच नाही. गुण जातात ते जातातच. पण 'आपल्याला लिहिता येत नाही' हे मनात घर करते, ते अधिक वाईट.

खरे पाहता अडते ते शब्दांवाचून नव्हे. लिहिणे आणि तपासणे ही दोन कामे आपण एकाच वेळी करू जातो, तिथे अडते. शेतकरी पेरताना खुरपे चालवीत नाही. आधी पेरतो, पीक वर येऊ देतो, मग तण काढतो.

समजा, विषय आहे 'आमच्या गावचे पाणी'. पहिल्या दिवशी निबंध लिहायचाच नाही. घरात कोणाला तरी तोंडी सांगायचे: विहिरी किती, कोणत्या महिन्यात तळ दिसतो, ऊस किती नि जोंधळा किती. सांगता सांगता पाचसात मुद्दे निघतात, ते टिपून ठेवावेत. त्यांतून मुख्य प्रश्न एकच निवडावा. विहिरी वाढल्या, मग पाणी का वाढले नाही?

दुसऱ्या दिवशी तासभर न थांबता लिहावे. शब्द अडला, तर रेघ ओढून जागा सोडावी. बोलीतला आला, तर तोच लिहावा. सुरुवात सुचत नसेल, तर मधला मुद्दा आधी घ्यावा.

मग एक रात्र जाऊ द्यावी. तिसऱ्या दिवशी मोठ्याने वाचावे. जीभ अडखळेल तिथे वाक्य तोडावे. प्रश्नाशी संबंध नसेल ते काढून टाकावे. शुद्धलेखन अगदी शेवटी.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत लिहिली. सांगायचे ते मनात भरलेले होते, म्हणून लेखणी धावली. आपली ऐपत लहान असेल, पण वाट तीच.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मुलाचा पहिला खर्डा हाती आला, की तांबडी शाई जरा बाजूला ठेवा. आधी एवढेच विचारा, "बाळ, तुला सांगायचे काय आहे?" त्याने ते तोंडाने नीट सांगितले, की म्हणा, "आता हेच लिही." ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुढच्या खेपेला दुरुस्त होतील, पण पहिल्याच कागदावर लेखणी बिचकली, तर ती पुन्हा धीट व्हायला फार दिवस लागतात.