सिकलसेल : शोध कोणाचा, औषध कोणाला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषण)



‘रेणूचा आजार’ ही कल्पना वैद्यकशास्त्रात प्रथम रुजली ती सिकलसेलच्या अभ्यासातून. ह्या रुग्णांच्या रक्तातील हिमोग्लोबिनचा रेणूच निराळा असतो, असे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवून दिले. व्हर्नन इन्ग्रॅम ह्यांनी १९५७ साली तो निराळेपणा नेमका कोठे आहे हेही सांगितले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, बिघाड एवढाच.

परंतु ह्या एवढ्याशा बिघाडाचे परिणाम भयंकर आहेत. प्राणवायू सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटतात, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. असह्य वेदनांचे झटके येतात. पाणथरी लहानपणीच निकामी होते, त्यामुळे काही जीवाणूंशी लढण्याची शरीराची शक्ती खचते आणि साध्या तापाने मूल दगावू शकते.

हा आजार विशिष्ट समाजांतच का आढळतो, ह्याचे उत्तरही विज्ञानाने दिले आहे. सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्या वाहकाला तीव्र हिवतापापासून संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन ह्यांनी १९५४ साली मांडले. म्हणूनच आफ्रिकेत, अरबस्तानात आणि भारतातील हिवतापाच्या पट्ट्यांत हे जनुक टिकून राहिले. विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया आणि खानदेशातील नंदुरबार ह्या भागांत आदिवासी व दलित समाजांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. ह्यात कोणत्याही जातीच्या रक्ताचा दोष नाही. हिवतापाने हे जनुक टिकवले आणि जातीतल्या जातीत होणाऱ्या विवाहांनी त्याला त्या त्या समाजांत कोंडून ठेवले.

कारण १९४९ साली कळले, तरी रुग्णाच्या हाती काय आले? लहान मुलांना नियमित पेनिसिलिन दिल्यास जीवघेणे जंतुसंसर्ग पुष्कळ टळतात, हे सिद्ध व्हायला १९८६ साल उजाडले. हायड्रॉक्सियुरियाने वेदनांचे झटके जवळजवळ निम्म्याने कमी होतात, हे १९९५ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेत हा आजार प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचा. त्याच्याकडे झालेल्या दुर्लक्षाचा निषेध म्हणून ब्लॅक पँथर पक्षाने १९७१ साली स्वतःच वस्तीवस्तीत रक्ततपासणीची मोहीम हाती घेतली होती. रोग कोणाला होतो ह्यावरून संशोधनाची निकड ठरते, हा विषमतेचा जुनाच नियम होय.

आता चित्र पालटले आहे. गर्भातील हिमोग्लोबिन जन्मानंतर थांबवणारा एक जनुकीय स्विच असतो. रुग्णाच्याच रक्तमज्जेच्या मूळपेशी काढून, क्रिस्पर तंत्राने त्या स्विचवर कात्री चालवली की तेच निर्दोष हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. ह्या तत्त्वावरील कॅसजेव्ही ह्या उपचारास नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेतील मान्यतेच्या वेळी तपासलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जण किमान सलग १२ महिने तीव्र झटक्यांपासून मुक्त राहिले होते. ही कामगिरी थोर आहे आणि तिचे मनमोकळे स्वागत केले पाहिजे.

परंतु अमेरिकेत ह्या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली; तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. शिवाय नव्या पेशी देण्यापूर्वी जुनी मज्जा तीव्र औषधांनी नष्ट करावी लागते आणि रुग्णाला कित्येक आठवडे सुसज्ज रुग्णालयात राहावे लागते. धडगाव किंवा भामरागडच्या मजुराला ह्याचा अर्थ काय सांगावा?

काही सहकारी म्हणतील, ही श्रीमंतांची चैन आहे. गरिबांना गोळ्या आणि पोषण मिळाले म्हणजे पुरे. हा युक्तिवाद वरवर समाजवादी वाटतो, पण तो विषमतेलाच मान्यता देतो. जनुके, पेशी आणि क्रिस्पर ह्यांविषयीचे मूलभूत ज्ञान बव्हंशी जनतेच्या पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळांतून आले आहे. त्यावर पहिला हक्क जनतेचा आहे. भारतातही वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या दिल्लीतील संस्थेने विकसित केलेल्या ‘बिरसा १०१’ ह्या उपचाराची घोषणा नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. घोषणा म्हणजे सिद्ध उपचार नव्हे. मानवी चाचण्यांची कसोटी त्यालाही द्यावीच लागेल. पण ज्या उपचाराला बिरसा मुंडांचे नाव दिले, त्याची किंमत कोण व कशी ठरवणार, ह्या अटी जनतेसमोर आल्या पाहिजेत, ही मागणी आजच करायला हवी.

दुसरी बाजू तातडीची आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहाडोल येथे राष्ट्रीय मोहिमेची सुरुवात झाली. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. मात्र तपासणी म्हणजे उपचार नव्हे. प्राथमिक विद्राव्यता चाचणी वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. तो अहवाल वेळेवर हाती आला नाही, तर निरोगी वाहकही स्वतःला आजारी समजू लागतो.

‘निर्मूलन’ ह्या शब्दाविषयीही सावध राहिले पाहिजे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. हे गणित दांपत्याला समजावून सांगणे हा सल्ला. त्याच्या धाकाने मुलीचे लग्न मोडणे हा अन्याय. अमेरिकेत १९७० च्या दशकात घाईघाईने कायदे करून तपासण्या झाल्या आणि निरोगी वाहकांनाही नोकरी व विमा नाकारला गेला. रोग संपवायचा आहे, माणसे वगळायची नाहीत.

म्हणून कार्यकर्त्यांच्या मागण्या नेमक्या असाव्यात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सियुरिया बारमाही उपलब्ध असावे आणि ते घेणाऱ्यांच्या रक्तपेशींची मोजणीही तेथेच व्हावी. नवजात बालकांची तपासणी, पेनिसिलिन व न्यूमोकॉकसची लस ह्यांत खंड पडू नये. तपासणीचे निकाल गुप्त राहावेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, परंतु त्याच कायद्यातील नोकरीच्या आरक्षणात ह्या रुग्णांना स्थान नाही. ही त्रुटी दूर व्हावी. आणि नवा उपचार सिद्ध होईल त्या दिवशी तो सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळावा.

गोळी की जनुक-उपचार, असा पर्याय गरिबांपुढे कोणी ठेवत असेल, तर तो नाकारला पाहिजे. आज गोळी मिळवून देण्यासाठी आरोग्य केंद्राच्या दारात आणि उद्या उपचार मिळवून देण्यासाठी विधिमंडळात, अशा दोन्ही ठिकाणी ही लढाई लढावी लागेल. पहिली सुरुवात आपापल्या तालुक्यातील औषधसाठ्याची नोंदवही तपासण्यापासून करता येईल.