गाडी लागली, गाडी लागते
(रेडिओवरील भाषण)

माझी भाची माझ्याकडे राहून पनवेलला शिकते. शनिवारी ती अलिबागला घरी जाते आणि तिला सोडायला मी एसटी स्टँडवर जाते. मागच्या शनिवारी बाकावर बसल्या बसल्या तिचा इंग्रजीचा अभ्यास चालला होता. क्रियापद होतं ‘गेट’. मिळणं, आणणं, पोहोचणं, समजणं, होणं, उठणं, चढणं, उतरणं... वहीचं पान भरत आलं तरी अर्थ संपेनात. वैतागून म्हणाली, "आत्या, एका शब्दाचे एवढे अर्थ? पाठ तरी किती करायचे?"

मी काही बोलणार तेवढ्यात कर्ण्यावरून आवाज आला, अलिबागला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे. तिनं वही मिटली, पिशवी उचलली आणि म्हणाली, "चल लवकर, खिडकी मिळायला हवी. मला गाडी लागते गं."

एक गाडी फलाटाला लागली, दुसरी पोटात ढवळायला लागली. दोन्ही अर्थ तिला कळले आणि दोन्हींपैकी एकही तिनं कधी पाठ केलेला नव्हता. या ‘लागणं’विषयीच आज तुमच्याशी बोलायचं आहे.

पनवेल सोडलं की पळस्पे फाटा लागतो. मग वासुदेव बळवंत फडक्यांचं शिरढोण लागतं, कर्नाळ्याची खिंड लागते, पुढे पेण, वडखळ, पोयनाड. तेवढ्या वाटेत तहान लागते, वारा लागतो, डोळा लागतो. घरी पोहोचेतो दिवे लागलेले असतात. चुलीवरचा भात जरा विसरला तर बुडाशी लागतो. विहीर खणताना पाणी लागतं, आंब्याला कैऱ्या लागतात, निकाल लागतो, नोकरी लागते. शेजारी विचारतात, "ते तुमचे कोण लागतात?" आणि अंगाला हळद लागली की दुसऱ्या दिवशी लग्न लागतं.

या शेवटच्या दोन शब्दांपाशी थोडं थांबू या. ‘लग्न’ हा शब्द संस्कृतातल्या ‘लग्’ याच धातूचा. लग्न म्हणजे लागलेलं, चिकटलेलं. ज्योतिषात पूर्वेच्या क्षितिजाला त्या घडीला जी रास टेकलेली असते तिला लग्न म्हणतात. त्या मुहूर्तावरून विवाहालाही तेच नाव मिळालं. म्हणजे ‘लग्न लागलं’ म्हणताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो, एकदा संस्कृतातून आलेला आणि एकदा मराठीनं आपल्या तोंडात घोळवलेला. सलग, संलग्न, लागवड, लागण, लागलीच ही सगळी याच घरची माणसं.

अशी क्रियापदं कोशकारांची कसोटी पाहतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या नव्या आवृत्तीसाठी ‘रन’ या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले. आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे बंधू त्या कामात होते आणि शब्द गोळा करून त्यांचे अर्थ उलगडणारी शास्त्रीमंडळी होती. पुढे दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत छापला गेला. ‘लागणं’सारखा शब्द कोशात बसवायचा म्हणजे माणसं तो कुठे कुठे बोलतात ते ऐकत हिंडायचं. त्या कष्टांविषयी माझ्या मनात मोठा आदर आहे.

पण शाळेत आपण काय करतो? लागणे म्हणजे चिकटणे, जडणे, झोंबणे, भिडणे, असे समानार्थी शब्द मुलांना ओळीनं लिहून देतो. ते शब्द वाक्यात घालून पाहा. व्यसन लागतं आणि जडतंही, भूक मात्र जडत नाही. एखाद्याचं बोलणं झोंबतं तेव्हा मिरचीसारखी आग होते आणि थोड्या वेळानं शांत होते. तेच बोलणं लागतं तेव्हा आवाज होत नाही, पण चार वर्षांनीही ते आठवतं. समानार्थी शब्द एका गल्लीत राहतात, एका घरात नाही.

यातली सगळ्यात सुंदर जोडी मला वाटते ती ‘वाटणं’ आणि ‘लागणं’ यांची. नवीन पनवेल, खारघर, कामोठे या भागांत देशभरातून माणसं राहायला आली आहेत आणि त्यातली अनेक जणं मनापासून मराठी शिकतात. हिंदीत भूकही लगती है आणि डरही लगता है. त्यामुळे ती कधी कधी म्हणतात, ‘मला भीती लागते’. त्यांना हसू नका. त्यांच्यामुळेच आपलं आपल्याला दिसतं. मराठीत भूक लागते, भीती वाटते आणि थंडी तर वाजते! बासुंदी जिभेला गोड लागते, नातवंडाचं बोलणं मनाला गोड वाटतं. काळजी वाटते ती बोलून दाखवली की हलकी होते. काळजी लागते ती रात्री उशाशी येऊन बसते.

जाण्याचंच पाहा. मला जावंसं वाटतं, मला जायचं आहे, मला जायला हवं, मला जावं लागतं. मनातल्या इच्छेपासून बाहेरच्या सक्तीपर्यंत चार पायऱ्या आहेत आणि शेवटच्या पायरीवर पुन्हा ‘लागणं’ उभं आहे. ‘मला भूक लागली’ या वाक्यात कर्ता मी नाही, भूक आहे. जे आपण करत नाही, आपल्यापर्यंत येतं, धरतं आणि सहज सोडत नाही, त्यासाठी मराठीनं हे क्रियापद राखून ठेवलं आहे. लळा लागतो, ओढ लागते, वेड लागतं. यातलं काहीच ठरवून करता येत नाही.

म्हणून शिक्षकांना आणि आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. शब्द एकटा शिकवू नका. मराठी असो वा इंग्रजी, तो ज्या शब्दांच्या संगतीत नांदतो त्यांच्यासह, वाक्यातून शिकवा. घरात मुलांशी पूर्ण मराठी वाक्यात बोला. ‘हंग्री आहेस का?’ असं विचारलं तर मूल जेवेल, पण भूक आपल्याला येऊन लागते हे त्याच्या कानावर कधीच पडणार नाही.

त्या शनिवारी भाचीला खिडकी मिळाली. आलेपाकाची पुडी तिच्या हातात देऊन मी म्हटलं, "‘गेट’ला भिऊ नकोस. तुझ्या ‘लागणं’सारखंच आहे ते. वाक्यं बोलत गेलीस की ओळख होईल."

आठ वाजून गेले तरी तिचा फोन नाही. मी आतबाहेर करत होते. साडेआठला फोन वाजला.

"आत्या, गाडी अजिबात लागली नाही. पेणनंतर डोळा लागला आणि नंतर तुझा फोनच लागेना. काळजी लागली होती ना तुला?"

मी ‘हो’ म्हटलं. ‘वाटली’ असं ती म्हणाली नव्हती. माझ्या जिवाचं त्या अर्ध्या तासात काय झालं होतं, ते तिनं नेमक्या शब्दात ओळखलं होतं.