हळू वाजणारा बँड

बँड म्हटलं की आपल्यासमोर वरात उभी राहते. माझे चाचा अशाच एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लाल कोट, सोनेरी झालर. समोरून दुसरी वरात आली की दोन्ही बँडवाले इरेला पेटायचे. ज्याचा ढोल मोठा, तो जिंकला. त्या गदारोळात चाचांचे सूर कुणालाच ऐकू येत नसत. पण दुपारी घरी ओसरीवर ते एकटेच वाजवत, तेव्हा गल्लीतल्या बायका हातातलं काम थांबवायच्या.

हे सगळं आठवलं ते एका परदेशी बँडमुळे. भाच्यानं माझ्या कानाला हेडफोन लावला आणि म्हणाला, ‘‘मामू, हे ऐका. तुमच्या कवितेसारखं आहे, फार काही घडत नाही.’’ हा टोमणा होता की कौतुक, ते अजून ठरायचं आहे.

बँडचं नाव यंग मार्बल जायंट्स. वेल्समधलं कार्डिफ शहर, साल १९७८. स्टुअर्ट आणि फिलिप मॉक्सहॅम हे दोघे भाऊ आणि गाणारी अ‍ॅलिसन स्टॅटन. प्राचीन ग्रीकांच्या संगमरवरी तरुण पुतळ्यांवरच्या मजकुरातून हे नाव उचललेलं. तो पंक रॉकच्या लगेच नंतरचा काळ. कुणीही उठावं आणि वाजवावं, हे पंकनं सांगितलं होतं. पण सांगितलं ते ओरडून. या तिघांनी आवाज खाली आणला. ड्रम वाजवणारा माणूसच नाही. यंत्राचे ठेके टेपवर भरून घ्यायचे आणि त्यावर वाजवायचं. गिटारच्या तारा तळहातानं दाबलेल्या, त्यामुळे सूर उठतो आणि लगेच विझतो. कित्येक गाण्यांत चाल पुढे नेतो तो फिलिपचा बास. आणि दोरीवरचे कपडे काढता काढता एखादी बाई गुणगुणते ना, तसा अ‍ॅलिसनचा गळा.

लंडनचं ‘रफ ट्रेड’ हे मुळात १९७६ मध्ये उघडलेलं रेकॉर्डचं दुकान. मोठ्या कंपन्यांच्या दाराशी न जाता त्यांनी १९७८ पासून स्वतःच रेकॉर्ड काढायला सुरुवात केली. असं स्वतंत्रपणे निघणारं संगीत म्हणजे ‘इंडी’. कार्डिफच्या स्थानिक बँडांची एक एकत्रित रेकॉर्ड १९७९ मध्ये निघाली होती. तिच्यामुळे हे तिघे रफ ट्रेडच्या नजरेत आले. १९८० च्या आरंभी ‘कलोसल यूथ’ आली. पंधरा गाणी, आणि ध्वनिमुद्रण जेमतेम पाच दिवसांत उरकलेलं.

त्याच वर्षीचं त्यांचं ‘फायनल डे’ हे गाणं दोन मिनिटांचंही नाही. विषय अणुयुद्धातला जगाचा शेवटचा दिवस. रात्री ट्यूबलाइट गुणगुणावी तसा एक बारीक, उंच सूर त्यात अखंड चालू राहतो. बस्स. जगाच्या अंतावर मीही एकदा चार पानी कविता लिहिली होती. संमेलनात टाळ्या पडल्या होत्या. हे गाणं ऐकल्यावर ती कविता शोधून वाचली. तिसऱ्या ओळीनंतर नुसता ढोल होता.

१९८० सरता सरता, अमेरिकेचा दौरा करून आल्यावर, बँड मोडला. पुढे प्रत्येकानं आपापलं संगीत केलं. पण या नावाचा दुसरा स्टुडिओ अल्बम कधीच आला नाही.

आता गंमत पाहा. ‘निर्वाना’चा कर्ट कोबेन, म्हणजे गिटार किंचाळवणारा माणूस, त्यानं आपल्या आवडत्या अल्बमच्या यादीत ‘कलोसल यूथ’ लिहून ठेवला. त्याची पत्नी कर्टनी लव्ह हिच्या ‘होल’ या बँडनं १९९४ मध्ये यांचं एक गाणं नव्यानं, भरपूर आवाज करून गायलं. मला मूळचंच आवडतं. २००७ मध्ये हे तिघे पुन्हा एका मंचावर आले आणि वाजवली ती हीच जुनी गाणी.

पाच दिवसांचं काम. पण ते कुणीतरी टेपवर घेतलं, म्हणून माझ्या भाच्यापर्यंत पोचलं.

परवा त्यानं विचारलं, ‘‘तुमच्या चाचांचं काही रेकॉर्डिंग आहे का?’’ लग्नांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट असतील कुणाकुणाच्या माळ्यावर. त्यांत चाचा दिसतीलही, लाल कोटात, गाल फुगवून. ऐकू येईल तो ढोल.