गुणोत्तरात धरलेले आणि सुटलेले



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते गुरुजी गणित शिकवीत. म्हणून, आयुष्यभर मराठी शिकविलेला मी, आज एका गुणोत्तराविषयी बोलणार आहे. ओतशाळांच्या आणि यंत्रशाळांच्या या बेळगावात तो विषय परका ठरू नये.

इंजिनातील दट्ट्या तळाशी असताना त्याच्यावर असलेली एकूण जागा आणि तो माथ्याशी पोहोचल्यावर उरणारी जागा, यांचे प्रमाण म्हणजे संपीडन गुणोत्तर. जुन्या ३५० सी.सी. बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. त्यावरून दट्ट्याने व्यापलेली जागा ३४६ घन सेंटिमीटर येते. वर ६३ घन सेंटिमीटर उरतात असे धरू. दोहोंची बेरीज ४०९. तिला ६३ ने भागले की उत्तर ६.५.

मिश्रण अधिक दाबले की तेच इंधन अधिक काम देते. म्हणून वेगासाठी इंजिन बांधणारा कारागीर हेड घासून उरलेली जागा कमी करतो. पण ती जागा आधी नेमकी मोजावी लागते. हेडची पोकळी ब्युरेटने तेल सोडून मोजतात. दट्ट्याच्या माथ्याचा फुगवटा वा खळगा हिशेबात घेतात. गॅस्केटची जाडीही धरतात. १ मिलिमीटर जाडीचे गॅस्केट येथे जवळजवळ ४ घन सेंटिमीटर जागा देते. ते विसरल्यास कागदावर ६.९ आणि इंजिनात ६.५! याउलट फुगवटा विसरल्यास खरे गुणोत्तर कागदावरच्याहून मोठे होते. मग ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते, इंजिन ठोके देऊ लागते आणि दट्ट्याला भोकही पडू शकते.

हे ठोके थांबविणारे शिशाचे संयुग अमेरिकेत टॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये शोधले. त्यामुळे गुणोत्तर वाढविता आले. शिसे विषारी असते, हे तेव्हाही ठाऊक होते. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका कारखान्यात ते संयुग तयार करणारे ५ कामगार दगावले. तरीही पुढे कित्येक दशके ते शिसे धुरावाटे मुलांच्या रक्तात जात राहिले आणि त्यांच्या बुद्धीवर आघात करीत राहिले. रस्त्यावरील वाहनांसाठी असे पेट्रोल विकणे भारतात २००० साली थांबले. जगात सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियात.

त्या हिशेबात गॅस्केटची जाडी धरली गेली, रस्त्याकडेच्या मुलाचा श्वास मात्र सुटला. मित्रहो, भागाकार आपणां सर्वांना येतो. भागण्यापूर्वी काय काय धरायचे, हे ठरविण्याची जबाबदारी आता तुमची आहे.