सर्पगंधा : मुळीपासून मात्रेपर्यंत



वनस्पतिजन्य औषधांविषयी समाजात दोन टोकांची मते आढळतात. झाडपाल्याचे औषध म्हणजे निर्धोक, असे काही मानतात. ते निरुपयोगीच, असे इतर काही म्हणतात. ही दोन्ही मते किती अपुरी आहेत, हे सर्पगंधेच्या संशोधनाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

सर्पगंधा हे भारतातील सावलीच्या, ओलसर रानांत वाढणारे लहानसे झुडूप. त्याची कडू मुळी निद्रानाश, उन्माद आणि सर्पदंश यांवर पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. बिहारमध्ये तिला ‘पागल की दवा’ असेच नाव पडले होते. मुळीने रुग्ण शांत होतो, हे लोकांनी अनुभवाने जाणले होते. परंतु मुळीतील कोणता घटक, किती प्रमाणात आणि कशा रीतीने कार्य करतो, हे अज्ञात होते.

१९३१ साली या शोधाला वेग आला. दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमाँ सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून काही अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांपैकी एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब यांवरील मुळीच्या गुणाची नोंद प्रसिद्ध केली.

पुढचे निर्णायक पाऊल मुंबईत पडले. हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेची पद्धतशीर चाचणी घेतली. रक्तदाब वारंवार मोजला, लाभाबरोबर दुष्परिणामही नोंदविले. हा निबंध १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५७ साली वकील यांना लास्कर पुरस्काराने गौरविण्यात आले. दरम्यान १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बासेल येथील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत रिसर्पिन हा मुळीचा प्रमुख प्रभावी घटक वेगळा करण्यात आला.

रिसर्पिनचे कार्य मोठे मनोवेधक आहे. मज्जातंतूंच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्या असतात. नॉरअॅड्रेनलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही संदेशवाहक द्रव्ये त्यांत साठविली जातात. ती द्रव्ये पिशवीत भरणारी यंत्रणाच रिसर्पिन बंद पाडते. बाहेर राहिलेली द्रव्ये विघटित होतात, संदेश क्षीण होतो, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. मेंदूतही हेच घडत असल्याने मन शांत होते.

मात्र ज्या कारणाने गुण, त्याच कारणाने धोका. मोठ्या मात्रेत रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत खोल विषण्णता दिसून आली. पुढे अधिक सोयीची औषधे उपलब्ध झाली आणि रिसर्पिनचा वापर ओसरला. तरीही त्याचे ऋण संपले नाही. रिसर्पिनने निश्चल झालेले ससे एल-डोपा दिल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात, हे स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी दाखविले. त्यातून कंपवाताच्या उपचाराचा मार्ग उघडला आणि २००० साली कार्लसन नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरले.

या इतिहासातून पालकांनी घ्यावयाचा बोध व्यावहारिक आहे. रक्तदाबासाठी रिसर्पिनची दैनिक मात्रा पाव मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका ग्रॅमचा चार हजारावा भाग. मुळीतील त्याचे प्रमाण मात्र जमीन, ऋतू आणि झाडाचे वय यांनुसार बदलते. त्यामुळे चमचाभर चूर्णातून शरीरात किती औषध गेले, हे जिभेला कळत नाही. घरातील वडीलधारी मंडळी रक्तदाबाच्या गोळीबरोबर एखादे चूर्ण घेत असतील, तर ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. सर्पदंशावर तर प्रतिविषाला पर्याय नाही. नावात सर्प असला तरी ही मुळी साप चावलेल्याचे प्राण वाचवीत नाही.

आणखी एक चिंता आहे. औषध मुळीत असल्याने ती काढताना संपूर्ण झाड जाते. अनिर्बंध खणतीमुळे रानातील सर्पगंधा दुर्मिळ झाली असून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आता निर्बंध आहेत. लागवड वाढली नाही, तर पुढील पिढीला ही वनस्पती पुस्तकातील चित्रातच पाहावी लागेल.

परंपरेने प्रश्न दिला, प्रयोगशाळेने त्याचे उत्तर शोधले आणि रुग्णालयाने ते उत्तर तपासून पाहिले. या तिन्ही पायऱ्या भारतातच सुरू झाल्या, ही अभिमानाची बाब खरीच; पण तो अभिमान मोजण्याच्या आणि नोंदी ठेवण्याच्या शिस्तीचा असावा. ही शिस्त प्रथम शाळेच्या प्रयोगवहीत अंगी बाणते. साठ वर्षे मातृभाषेतून ती रुजविणाऱ्या या शाळेतून उद्या अशाच एखाद्या दुर्लक्षित मुळीकडे डोळसपणे पाहणारे विद्यार्थी घडोत, हीच हीरक महोत्सवानिमित्त सदिच्छा.